धरण भरलं, वावर कोरडं: रीलला लाइक भरपूर, मग ऑर्डर का येत नाही?

बचत गटाच्या कुठल्याही प्रशिक्षणात आजकाल एक वाक्य हमखास ऐकू येतं: मोबाइलवर टाका, माल जगभर जाईल. बाया टाकतात. कढईत कुरडई फुलतानाची रील दोन दिवसांत वीस हजार लोक बघतात. खाली 'एक नंबर ताई', 'गावची आठवण आली', 'तोंडाले पाणी सुटलं' अशी रांग लागते. इकडे कुरड्यांचा डबा मात्र जिथं होता तिथंच, झाकण लावून. मग कुणी म्हणतं रील चांगली नव्हती, कुणी म्हणतं फॉलोअर कमी पडले. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. रील तिचं काम करून गेलेली असते, पुढचं काम करायला कुणी नसतं.

एंगेजमेंट म्हणजे नेमकं काय?

तुमच्या पोस्टवर लोकांनी जे काही केलं, म्हणजे लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह, त्या सगळ्याला मिळून एंगेजमेंट म्हणतात. आपण तिला दाद म्हणू. त्यातल्या किती जणांनी पैसे मोजून माल घेतला, तो झाला कन्व्हर्जनचा हिशेब. त्याला आपण विक्रीच म्हणू, दुसरा शब्द कशाला हवा.

दाद आणि विक्री यांच्यातलं नातं कालव्यावरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. धरण शंभर टक्के भरलं ही बातमी पेपरात येते, फोटोही येतो. पण पाणी मुख्य कालव्यातून मायनरला म्हणजे छोट्या कालव्याला, मायनरमधून चारीत, चारीतून पाटात असं येईस्तोवर कुठं भगदाड असतं, कुठं झुडूप वाढलेलं असतं, कुठं वरच्यानं दार अडवलेलं असतं. शेपटाकडच्या वावरात कधीकधी चिखलसुद्धा होत नाही. धरण खोटं नसतं आणि वावरही खोटं नसतं. मधली वाट फुटलेली असते.

व्ह्यू म्हणजे धरणातलं पाणी. भाव विचारणारी कमेंट म्हणजे चारीला आलेलं पाणी. पैसे जमा झाले की पाणी वावरात आलं. धरण मोठं करायच्या मागं सगळे लागतात, पाट कुणी साफ करत नाही.

लाइक करणारा आणि घेणारा, हे एकच माणूस आहे का?

बहुतेकदा नाही. पहिले लाइक कुणाचे येतात बघा: भावकीतले, गटातल्या बाया, माहेरचे, पोराचे मित्र. यांच्या घरी कुरडई, सरगुंडे, मुगवड्या आपल्याच हातच्या असतात. ते विकत कशाला घेतील? त्यांची दाद म्हणजे बाजाराच्या दिवशी घातलेला रामराम. तो हवाच, पण त्याचा गल्ल्याशी संबंध नाही.

घेणारा असतो नोकरीसाठी पुण्यात, मुंबईत, हैदराबादला गेलेला वऱ्हाडी माणूस. नागपूर-अमरावतीच्या फ्लॅटमधली बाईही, जिला गच्चीवर वाळवण घालायला जागाही नाही न् सवडही नाही. हा माणूस लाइक न देता नुसता भाव विचारतो, किंवा पोस्ट सेव्ह करून ठेवतो, किंवा घरच्यांना पाठवतो. म्हणून इन्स्टाग्राम-फेसबुकवर साधं खातं असेल तर ते प्रोफेशनल करून घ्या, फुकट आहे. मग 'इनसाइट्स' या भागात सेव्ह किती, शेअर किती आणि बघणारे कुठल्या शहरातले हे दिसतं. दोनशे लाइक आणि तीन सेव्ह असलेल्या पोस्टपेक्षा चाळीस लाइक आणि तीस सेव्ह असलेली पोस्ट धंद्याच्या दृष्टीनं भारी. शहरांच्या यादीत तुमचाच तालुका वर असेल, तर तुम्ही गाववाल्यांनाच कुरडई दाखवत बसला आहात.

'डीएम करा': सगळ्यात मोठं भगदाड

कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, 'भाव काय?' आणि उत्तर जातं, 'डीएम करा', म्हणजे खासगी मेसेज करा, किंवा 'इनबॉक्स बघा'. पाणी इथंच फुटतं. बाजारात ढिगापाशी थांबलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही 'भाव पाहिजे तर मागच्या गल्लीत या' असं सांगता का?

भाव लपवला की बघणाऱ्याच्या मनात दोन शंका येतात: माणूस बघून भाव सांगत असतील, नाहीतर महागच असेल. शिवाय एकानं विचारलेला भाव न विचारणाऱ्या पन्नास जणांनाही हवा असतो. उत्तर उघड दिलं तर ते एकाच कमेंटमध्ये सगळ्यांना मिळतं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: भाव उघड टाकला तर शेजारचा गट दहा रुपयानं पाडून विकेल. पण शेजारच्या गटाला तुमचा भाव रील न बघताही माहीत असतो, गावात काय लपतं? जो नुसता दहा रुपयांसाठी जाणार, तो उद्या पाच रुपयांसाठी तिकडूनही जाईल. त्याच्यामागं भाव लपवून बाकीच्यांना गमावणं महागात पडतं.

मग पोस्टमध्ये काय लिहायचं? घेणाऱ्याच्या मनातले सगळे प्रश्न तिथंच संपले पाहिजेत: वस्तू काय, वजन किती, त्यात नग किती, भाव किती, पोचवण्याचा खर्च धरून की वेगळा, किती दिवस टिकते, कुठं पाठवता, ऑर्डर कशी द्यायची. नमुन्यादाखल हे बघा (आकडे तुमचे टाका):

'गव्हाची कुरडई. अर्धा किलो, साधारण ४० नग, १८० रुपये. पोस्टाचा खर्च वेगळा, ऑर्डर दिल्यावर लगेच सांगू. कोरड्या डब्यात सहा महिने टिकते. महाराष्ट्रात कुठंही पाठवतो. ऑर्डरसाठी या व्हॉट्सॲप नंबरवर फक्त कुरडई असं लिहून पाठवा.'

'अर्धा किलोत नग किती' हे बहुतेक जण लिहीत नाहीत. शहरातल्या गिऱ्हाइकाला वजनावरून अंदाज येत नाही, त्याला पाहुणे चार आले तर पुरेल का एवढंच कळायला हवं असतं. एकदा काट्यावर ठेवून मोजा, वर्षभर कामी येतं.

एक तांत्रिक बारकावा: इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली किंवा कमेंटमध्ये लिंक टाकली तर ती दाबली जात नाही, नुसती अक्षरं दिसतात. लिंक प्रोफाइलच्या माहितीत ठेवावी लागते. फेसबुकवर पोस्टमध्येच चालते.

कमेंटवरून व्हॉट्सॲपवर आणायचं कसं?

विदर्भातल्या छोट्या विक्रेत्याला वेबसाइट लागत नाही, हे इथं स्पष्टच सांगतो. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं, मोफत ॲप पुरतं. त्यातल्या चार गोष्टी लावून घ्या. 'कॅटलॉग' म्हणजे तुमच्या दुकानाची फळी: प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन, भाव. 'ग्रीटिंग मेसेज' म्हणजे पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला आपोआप जाणारा नमस्कार. तुम्ही निंदणीला वावरात असलात तरी समोरच्याला कळतं की निरोप पोचला. त्यात 'संध्याकाळी सातनंतर उत्तर देऊ' असं खरं ते लिहा आणि सातला खरंच उत्तर द्या. 'क्विक रिप्लाय' म्हणजे साठवून ठेवलेली उत्तरं: तिरकी रेघ आणि ठरवलेला छोटा शब्द टाइप केला की भाव, पोस्ट खर्च, पैसे पाठवायची पद्धत असा अख्खा मजकूर येतो. आणि 'लेबल', ज्यानं नवीन गिऱ्हाईक, पैसे बाकी, पैसे आले, माल पाठवला अशी चिठ्ठी प्रत्येक गप्पेला चिकटवता येते. गटात तीन बाया एकच फोन हाताळत असतील तर लेबलाशिवाय एकाच माणसाला दोनदा भाव सांगितला जातो आणि दुसऱ्याला एकदाही नाही.

याच ॲपमध्ये तुमच्या नंबरची छोटी लिंक तयार होते, आणि तिच्यात आधीच लिहिलेला मजकूर ठेवता येतो. लिंक दाबली की समोरच्याच्या फोनवर 'मला कुरडई हवी आहे' असं तयार येतं, त्यानं फक्त पाठवायचं. टायपिंगचा कंटाळा हे फार मोठं भगदाड आहे.

उत्तर उशिरा जाणं हे आणखी एक. रात्री नऊला कुरडई खावीशी वाटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर गेलं तर त्याची इच्छा गेलेली असते. नेट दिवसभर नसेल तर रील अशा वेळी टाका की पुढचे दोन तास तुम्ही फोनजवळ आणि रेंजमध्ये असाल. सकाळी रील टाकून वावरात जाणं म्हणजे दुकान उघडं ठेवून गावाला जाणं.

'पुण्याले पाठवता का जी?'

हा प्रश्न आला की अर्धी विक्री झाली, आणि अर्धे विक्रेते इथंच अडतात. 'विचारून सांगते' म्हणतात, आणि विचारायचं राहून जातं.

आधी आपल्या मालाची तीन ठरावीक पाकिटं बांधा, पोस्टात नेऊन नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबाद इथला दर विचारा आणि तो तक्ता फोनमध्ये ठेवा. एका दुपारचं काम आहे.

कुरिअरवाल्यांकडे एक गोष्ट सांभाळा, ती म्हणजे घनफळाचं वजन. हलकी पण जागा खाणारी वस्तू असेल तर ते काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणतात आणि साधारणपणे ५००० ने भागतात. येईल तितके किलो. ३० बाय २५ बाय २० चं खोकं घ्या: गुणाकार १५०००, भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. आत कुरडई असेल एक किलो, पैसे तीन किलोचे. म्हणून कुरडई एकटी पाठवणं परवडत नाही. त्याच खोक्यात खाली जड माल भरा: हळद, तिखट, तुरीची डाळ, जवसाची चटणी. कुरडई वर, मध्ये पुठ्ठा. खोकं तेवढंच, पैसे तेवढेच, बिल तिप्पट. शिवाय गिऱ्हाइकाला १०० रुपयांच्या पुडीवर ६० रुपये पोस्ट खटकतं, ६०० च्या खोक्यावर ९० खटकत नाही. 'वऱ्हाडी खोकं' अशा नावानं एक ठरीव जोड तयार ठेवा आणि रीलमध्ये तेच दाखवा.

संत्र्याचं गणित वेगळं. एकेक पेटी कुरिअरनं पाठवली तर भाडं फळाच्या वर जातं आणि उन्हाळ्याकडे झुकलेल्या मृग बहाराच्या (पावसाळ्यात फुलून उन्हाळ्याच्या तोंडी तोडणीला येणाऱ्या फळाच्या) दिवसांत पेटीत एक जरी फळ सडलं तर फोटो तुमच्याच पोस्टखाली येतो. अशा मालाला एका शहरातल्या एका सोसायटीचे पंधरा-वीस जण जमेपर्यंत थांबा आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं एकत्र टाका. तिथं उतरवून घेणारा एक माणूस आधी ठरलेला हवा, आणि त्याची एक पेटी फुकट.

वाळवणाच्या बाबतीत एक सल्ला, जो प्रशिक्षणात सहसा मिळत नाही. रील माल तयार झाल्यावर टाकू नका. चैत-वैशाखात गहू भिजत घातला, चीक शिजतोय, खाटेवर कुरड्या पडताहेत, तेव्हाच टाका आणि तेव्हाच आगाऊ नोंदणी घ्या. कुठला माल किती करायचा हे आधी कळतं, गव्हाचे पैसे गिऱ्हाइकाकडूनच येतात, आणि 'माझी कुरडई आज वाळतेय' हे दाखवलं की नोंदवणारा माणूस सहसा फिरत नाही.

पैसे आधी की माल आधी?

गिऱ्हाईक म्हणतं, माल हातात आल्यावर देतो. तुम्ही म्हणता, तो न घेताच परत पाठवला तर? दोघांचीही भीती खरी आहे.

आकड्यात बघू. समजा खोकं ६०० रुपयांचं, पोचवणं धरून. तयार करायला आणि बांधायला ४०० लागले, पोस्ट ९०, हातात राहिले ११०. माल मिळाल्यावर पैसे या पद्धतीनं दहा खोकी पाठवली आणि तीन परत आली. सात खोक्यांचा नफा ७७०. परत आलेल्या तिन्हींवर जायचे ९० आणि यायचे ९०, म्हणजे ५४० गेले. दहा खोक्यांमागे उरले २३०. परतीच्या प्रवासात चुरलेल्या कुरड्या आणि पैसे वसुलीचा आकार यात धरलेलाच नाही. नव्या गिऱ्हाइकाकडून निदान पोस्टाचा खर्च तरी आधी घ्या. ज्यानं ९० रुपये भरले तो खोकं घेतो.

आधी पैसे मागायचे तर भरवसा द्यावा लागतो. शहरातला माणूस खोट्या पेजना फसून बसलेला असतो. सगळ्यात जास्त माणसं कुठं बिचकतात? क्यूआर स्कॅन केल्यावर. पेजवर नाव एका बचत गटाचं आणि पडद्यावर उमटतं कुणा पोराचं वैयक्तिक नाव. बोट तिथंच थांबतं. गटाच्या बँक खात्याचाच क्यूआर लावा. तोवर निदान मेसेजात लिहा की पैसे आमच्या सचिवांच्या नावावर दिसतील.

फसवणूक उलट बाजूनंही होते. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो, म्हणून माल बांधायचा तो आपल्या खात्यात रक्कम दिसल्यावरच. 'लष्कराच्या कँटीनसाठी पन्नास किलो हळद हवी' असा फोन येतो, मग पैसे घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका असं सांगतात. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. गेलेच तर लगेच १९३० वर फोन.

कागद कुणी बघतं का?

नवं गिऱ्हाईक बघतं. खायचा माल विकायला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, नोंदणी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक पुडीवर छापायचा असतो, तो फोटोत दिसू द्या. पुडीवर तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन हेही हवं. महाराष्ट्रात फक्त माल विकत असाल तर जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची उलाढाल आहे. पण करपात्र माल राज्याबाहेर गेला तर मर्यादा चालत नाही, नोंदणी आधी करावी लागते. पापड करमुक्त, हळद पूड करपात्र. हैदराबादला पाठवण्याआधी कर सल्लागाराला एकदा विचारा.

आणि नावाबद्दल जरा जपून. वायगावची हळद, भिवापूरची मिरची, नागपूरची संत्री यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालासाठीच राखलेलं आहे. पुडीवर ती नावं मिरवायची तर माल तिथलाच हवा आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. हळद पिवळी आहे म्हणून ती वायगावची होत नाही.

पैसे देऊन पोस्ट 'बूस्ट' केली तर?

जाहिरात म्हणजे भाड्यानं आणलेलं पाणी. पाट फुटका असेल तर तेही मुरणार. आधी फुकटच्या विचारणेचं विक्रीत रूपांतर होऊ द्या.

करायचीच तर एक कळ सांभाळा. जाहिरात लावताना ॲप विचारतं, तुम्हाला काय हवं? तुम्ही जे मागाल, तशीच माणसं ते शोधतं. दाद मागितली तर दिसेल त्याला लाइक देणारे शोधून आणतं. मेसेज मागितले तर मेसेज करणारे. म्हणून 'व्हॉट्सॲपवर मेसेज' हाच पर्याय घ्या, आणि अख्खा भारत न ठेवता माल पोचवू शकता तेवढीच शहरं निवडा. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, हजाराचे ११८० होतात. त्यातून साठ मेसेज आले आणि सहा ऑर्डरी पडल्या, तर वरच्या हिशेबानं नफा ६६०. म्हणजे ५२० खिशातून गेले, जरी साठ मेसेज बघून मन भरलं तरी. पुढच्या खेपेला तेच सहा जण परत घेतील का, यावर ती जाहिरात फायद्याची की तोट्याची हे ठरतं.

आमचे फॉलोअर चारशेच आहेत

पुरे आहेत. दर महिन्याला चारशेतले वीस जण ६०० चं खोकं घेत असतील, तर १२ हजारांची विक्री झाली. विकत घेतलेल्या फॉलोअरच्या भानगडीत पडू नका, ते ना लाइक देत, ना माल घेत.

भगदाड कुठं आहे, कसं कळणार?

दोनशे पानी वही घ्या. पाच रकाने: तारीख, गिऱ्हाइकानं कुठं पाहिलं, काय विचारलं, ऑर्डर किती रुपयांची, आणि घेतलं नाही तर कुठं थांबलं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा आणि नेमका तोच कोरा ठेवला जातो. भाव ऐकून गेलं? पोस्टाचा खर्च ऐकून? पत्ता दिला पण पैसे नाही पाठवले? महिनाभरानं वही उघडली की बघायचं: सगळे भावाशी थांबत असतील तर पुडी लहान करा. पोस्टाशी थांबत असतील तर खोकं मोठं करा. पैशाशी थांबत असतील तर क्यूआर आणि नाव तपासा. एका महिन्यात एकच दुरुस्ती करा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

वहीत आणखी एक खूण ठेवा, दुसऱ्यांदा घेणाऱ्याच्या नावापुढं. त्याच्यासाठी ना रील लागते ना जाहिरात, फक्त योग्य वेळी निरोप लागतो. पण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला (एकदम अनेकांना वेगवेगळा जाणारा) निरोप त्यालाच पोचतो ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे. म्हणून खोक्यात एक चिठ्ठी टाका: गटाचं नाव, गाव, नंबर, आणि खाली ठळक अक्षरात, 'हा नंबर सेव्ह करा, नव्या कुरडईची खबर सगळ्यात आधी तुम्हाला.' चिठ्ठी कुरडईच्या वर ठेवा. हळदीखाली गेली तर ती पिवळी होते, नंबर वाचता येत नाही.